आईच्या नावाचा रंग

आमच्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी वडिवळ्याला, गावातल्या घरी बसून ग्राफिक्सचा कोड लिहिणाऱ्यांसाठी एक प्लगइन, म्हणजे एक छोटा जोड-प्रोग्रॅम, बनवत होतो. कोड ज्यात लिहितात त्या एडिटरमध्ये त्यातले शब्द ओळखून त्यांना रंग द्यायचा, एवढंच त्याचं काम. एक शब्द कुठंतरी रंगायचा राहत होता आणि दोन दिवस मला तो सापडत नव्हता.

आई चहा घेऊन आली, जरा वेळ बघत उभी राहिली आणि तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ह्यो बग. वर असाच निळा हाय, हितं पांढरा."

"तुला कसा दिसला?"

"भातातलं तण बी भातासारखंच दिसतं. जलम गेला ते उपटण्यात."

मग मी कोडच्या पहिल्याच ओळीत आभार मानून तिचं नाव लिहिलं, इंदूबाई, आणि तिला दाखवलं.

"सगळ्यांना रंग दिलास, आन मला न्हाई व्हय?"

खरंच होतं. मी एक नियम वाढवला. आता तो प्लगइन वापरून कुणीही इंदूबाई लिहिलं, की ते हिरवंगार होतं. अजून कुणी लिहिलेलं नाही. मी मात्र रोज काम सुरू करताना एकदा लिहितो.