दादाच्या बाजूनं बोलणारा

मी नामदेवकाकांच्या अंगातली बंडी धरली हे तुम्ही ऐकलंच असेल, पण का धरली ते ऐका. हिंगणघाटात आमच्या कापसाच्या जिनिंगसमोरच्या चहाच्या हॉटेलात काम सुटल्यावर पेपर वाचला जाई आणि वाद पेटे. तेव्हा राज्यं नव्यानं आखली जात होती; विदर्भाचं वेगळं राज्य हवं म्हणून काका भांडत, मुंबईसोबत जावं म्हणून माझा दादा. दादा तापानं गेला. तेरावं आटोपून मी तिथे गेलो, तर काकाच सांगत होते, "मुंबईसंगं गेलो त कापसाले भाव भेटन."

माझं डोकं फिरलं. बंडी धरून म्हणालो, "तो होता तवा त्याले बोलू देलं नाई. आता त्याचंच बोलनं बोलून राह्यले?"

काकांनी माझा हात झटकला नाही. "अबे, त्याच्या बाजूनं कोनी बोलतच नाई. मी भांडू कोनाशी?"

"पन दादा असं नव्हता म्हनत."

"मंग कसं म्हने? तू सांग."

मी बंडी सोडली. "दादा म्हने..." एवढंच बोललो.

काकांनी डोळे पुसले आणि दादाला म्हणत तसंच मला म्हणाले, "साफ चूक हाय तुहं."