बबनरावानं नेलेली घंटी

...नाई, तेच तं दुखनं हाय ना, मले मधातूनच ऐकू आलं. इथं सिंदी मेघेत भाजीच्या गाडीपाशी आमच्या गल्लीतली शालू कोनाले तरी सांगून राह्यली होती, "बबनराव गेले ते फोनची घंटी घेऊनच गेले, अन् पोरगं..." अन् मले पाह्यलं तशी वांगे निवडाले लागली. आता तुमीच सांगा, अर्धी गोष्ट घेऊन मानसानं घरी कसं जावं? मले काय करायचं हाय म्हना, पन भिंतीले भिंत लागून हाय आमची.

बबनराव म्हंजे शेजारच्या देवकाबाईचे मालक, फागुनात गेले. पोरगा कैलास सुरतले. तेरवी झाल्यावर म्हने, "माय, चाल माह्यासंग." देवकाबाई म्हने, "तुह्या बापाचं घर सोडून?" दोघंबी हट्टी, तो एकटाच गेला. जाता जाता म्हने, "रोज सात वाजता फोन लावतो." मोबाईलवर तिले ऐकू येत नाई, त्या जुन्या काळ्या फोनवरच येते. तं रोज सात वाजता बाई फोनसमोर पाट टाकून बसे... अन् फोन मुका. उचलला तं घूं करे, म्हंजे जिता हाय, पन वाजत नाई. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. म्या म्हटलं, "बाई, तुमीच लावा." तं म्हने, "मी काऊन लावू वं वच्छला? लावतो तं तो म्हने." अन् पदरानं फोन पुसे. मले काय करायचं हाय, पन पाहवत नव्हतं.

मंग शालूची अर्धी गोष्ट म्याच पुरी केली. "...अन् पोरगं मायले विसरलं." नळावर सांगतली, चक्कीवर सांगतली, केळझरच्या गनपतीले गेलतो तं ऑटोतबी सांगतली. सांगू सांगू मलेच खरी वाटाले लागली.

अन् एक दिवस कैलासचा फोन, माह्या मोबाईलवर. "काकू, घंटी जाते, पन माय उचलूनच नाई राह्यली." आता शहान्या मानसानं काय केलं असतं? भिंतीवरून हाक मारली असती. मले वाटलं, बहाने करून राह्यला. म्या म्हटलं, "राग हाय तिले, बापा. मन तोडलं तू तिचं. आता नको लावू, राहू दे काई दिवस." तो म्हने, "बरं." तुमाले सांगतो, तेवढं एक "बरं" माह्या कानातून अजून गेलं नाई.

मे महिन्यात सेलूचे नत्थूजी बसाले आले, टेलिफोनचे रिटायर लाईनमन, बबनरावचे दोस्त. फोन पाह्यला, वायर धरत धरत आंगनात गेले. वायर जमिनीत जाते तिथंच बबनरावचा न्हानीचा दगड. मानूस वाडीतून आला की सकाय-सांज तिथं दोन बालट्या आंगावर घे. ते गेले तसा देवकाबाईनं दगड पालथा घातला, यजमानाच्या दगडावर कोनी बसायचं नाई. तिथली माती पार तडकलेली.

नत्थूजी म्हने, "वहिनी, या जुन्या फोनची घंटी जमिनीच्या ओलीवर वाजते. तिथं पानी पडनं बंद झालं, घंटी मेली. फोन येत होते, वाजत नव्हते."

येत होते.

नत्थूजीनं दोन बालट्या ओतल्या, आंगनातून मोबाईल लावला, अन् ट्रिंग ट्रिंग. बाई अशी पळाली की चप्पल आंगनातच राह्यली. "कैलास? जेवला का रे बापा?" आंगनातून नत्थूजी म्हनते, "वहिनी, मी हाव." तरी तिनं फोन कानाचा काढला नाई.

म्या घरात जाऊन कैलासले लावला, सारं सांगतलं. रडला असता तं बरं झालं असतं. म्हने, "दोन महिने रोज सात वाजता लावला, काकू. मंग तुमीच म्हटलं. आता लावाले बोट उचलत नाई माहं... पाहतो रविवारी."

तीन रविवार झाले, त्याचा फोन नाई. देवकाबाईनं दगड सुलटा केला, रोज सांजच्याले तिथं दोन बालट्या ओतते, अन् पाटावर बसते; सोता लावत नाई, अजूनबी म्हनते, "लावतो तं तो म्हने." आता बालट्या मीच भरून देतो. मले काय करायचं हाय, असं आता म्हनवत नाई.

शालूची गोष्ट अर्धी खरी निघाली. घंटी बबनरावच घेऊन गेलते. बाकीची अर्धी माही होती, तेबी आता खरी होऊन राह्यली.