वॉरंट नाही आणि बूटही नाहीत

एकोणनव्वद साली इंग्लंडमधल्या स्लाऊच्या बसस्टॉपवर सुमनताईंच्या पुढे उभा असलेला, तिथेच वाढलेला एक डिटेक्टिव्ह आपल्या मावशीला खणखणीत पण मोडक्या मराठीत पराक्रम ऐकवत होता. सुमनताईंनी काही कळत नसल्यासारखा चेहरा केला आणि कान टवकारले.

"रूल्स पाळून चोर भेटत नाही, मावशी. मी वॉरंट-बिरंट काही घेतला नाही. सरळ त्याच्या किचनचा खिडकीतून आत!"

"अगं बाई! मग, सापडलं काही?"

"तोच लवकर घरी आला. मी मागच्या दाराने पळाला, दोन फेन्सवरून उडी मारून."

"त्यानं पकडलं नाही ना तुला?"

"मला नाही. बूट राहिले तिकडे, खिडकीखाली."

"चोराच्या घरात शिरताना बूट काढलेस?"

"आत कार्पेट होता! तूच शिकवलं ना, कुणाच्या घरात बूट घालून जायचं नाही."

"गुणाचं गं माझं लेकरू!"

"कुणाचे बूट ते कळलं, तर चीफ मला जॉबवरून काढणार. पण कसं कळेल? साधे काळे बूट."

"नंदू, आत नाव आहे रे."

"कसला नाव?"

"गणपतीत हॉलबाहेर तुझे बूट बदलले गेले होते ना? म्हणून नव्यात मी मार्करनं नाव लिहिलं. आपला फोन नंबरही."

"मावशी!"

"काल एका माणसाचा फोन आला, बूट सापडलेत म्हणून. मला वाटलं, बसमध्ये विसरलास. मी तुझ्या पोलीस स्टेशनचा पत्ता दिला. भला माणूस हो. आज स्वतः नेऊन देतो म्हणाला, चीफच्या हातात."