कोकरू उजव्या बाजूला होतं

—नाय हो ताई, नामांतराचे नाय हे पेढे. घ्या, घ्या, अजून एक घ्या, डबा रिकामाच करायचाय मला. विद्यापीठाच्या नामांतराचे पेढे कवाच वाटून झाले लोकांचे, पंधरा दिवस झाले की — पण मजा ऐका, आज सकाळी कंपनीत पण हेच झालं. रोजच्यासारखी कॅन्टीनमध्ये किटल्या घासत बसले होते, शुक्रवार, पोह्यांचा वार, हात कोपरापर्यंत साबणाचे, आणि गेटवरनं निरोप आला — सुगंधाबाई, तुमचा फोन. मला फोन! जन्मात कधी कुणी केला नाय. पळतच गेले. तिकडनं जोहरा मॅडम, फोनवर ओरडूनच बोलतात त्या — "मौसी, कागज आ गया, सब साफ है!" झालं! किटली तिथंच, आणि मी पेढ्याच्या दुकानात. वाटायला लागले तर प्रेस मशीनवरचा फकिरा म्हणतो, "मावशी, नामांतराचे का?" आता काय सांगू सगळ्यांदेखत? म्हणलं, व्हय बाबा, नामांतराचेच. तर त्या गड्यानं हातातलं काम टाकलं, "जयभीम, मावशी" म्हणत पायाच पडला. डोळ्याला पाणी त्याच्या. सोळा वर्षं त्याच्या घरानं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि मी आपली खोटारडी डबा धरून उभी! बरं, त्याच्या पलीकडं बद्रीनाथ फोरमन. त्यानं डब्याकडं बघितलं पण नाय — "मला साखर चालत नाही." काल दोन जिलब्या खाल्ल्या होत्या, मीच वाढल्या! हसू दाबता दाबता टाके दुखायला लागले माझे —

टाके? छे छे. कशाचे टाके. ते आमच्या कंपनीत एक बाई हाये, तिचं सांगते. तिच्या छातीत गाठ निघाली. नको ती गाठ, कळलं ना. ती काढली, आणि आज कागद आला — काखेत-बिखेत कुठंच पसरलेलं नाय. म्हणून पेढे. आणि गंमत काय, गाठ हाताला लागतच नव्हती. हाताला लागेपर्यंत उशीर होतो म्हणतात. क्यामेऱ्यानं धरली.

आता तुम्ही म्हणाल क्यामेऱ्याला आतलं कसं दिसतं? तर नाय दिसत. आमची कंपनी चिकलठाण्याला, विजेची पॅनलं बनवती, त्यातला कुठला सांधा तापतो ते बघायचा क्यामेरा हाये तो. उजेडाचा नाय, उष्णतेचा फोटू काढतो. तापलेलं ते लाल, गार ते निळं. जोहरा मॅडम विद्यापीठात शिकवतात, त्यांनी आमच्या साहेबाला गाठून रविवारपुरता मागून घेतला. म्हणल्या, नको ती गाठ आपल्याकडं रगत ओढून घेती, म्हणून तिथं ऊब जास्त. मग ते सगळं कम्प्युटरात घालतात. तुम्हाला कळंना ना? मला लगेच कळलं. का कळलं? धनगराची पोर मी. मेंढरांच्या तळावर माझी आई विस्तव राखेत झाकून ठेवायची, आणि सकाळी वरनं नुसता तळवा फिरवायची — हितं हाये, चार बोटं खाली — बरोब्बर तिथंच निखारा! मॅडम कम्प्युटरला तेच शिकवतात. त्याच्यात बाईची छाती मांडतात, बारीक बारीक चौकोनांची — कातडी एवढी, चरबी एवढी, रगत एवढं धावतंय — आणि विचारतात, निखारा इतका खोल ठेवला तर वर किती ऊब येईल? जरा इकडं ठेवला तर? अजून खोल? शंभर शंभर वेळा. आणि खऱ्या फोटूशी कुठला जुळतो ते बघतात. पण बाई लई कडक हां. म्हणतात, मौसी, हे नुसतं बोट दाखवतं, खरं काय ते सुई सांगणार.

दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्या देवगावच्या सात बायका जीपमध्ये कोंबून मी औरंगाबादला आणल्या. नेम सांगून ठेवलेले — तेल लावायचं नाय, चहा प्यायचा नाय, पदर काढून गार खोलीत पंधरा मिनिटं बसायचं. अगं माय, काय तो तमाशा! लीलाबाईला तेल नको म्हणलं, तर तूप चोळून आली! कुणी पुढं होईना, म्हणून भीती मोडायला पहिली मीच बसले. पडद्यावर निळी-हिरवी मी, देवळातल्या चित्रासारखी, सगळ्या खिदळायला लागल्या, आणि मॅडम तेवढ्या पडद्यावर वाकल्या. तिथंच माझी गाठ — म्हंजे त्या बाईची — जाऊ द्या. माझीच. आता पेढा खाल्लाय तुम्ही, तुमच्यापासून काय लपवू. आणि गाडी आली की तुम्ही तुमच्या वाटेनं.

तर माझ्यामागनं पुतळाबाई बसली, माझी धाकटी जाऊ. पंधरा मिनिटं बाई पदर सोडंना. आम्हाला वाटलं, लाजती. शेवटी मॅडमनं हात जोडले, तेव्हा पदर सरला, आणि पोलक्यातनं — बॅऽऽ! कोकरू! दोन दिसांचं. मेंढी मेलेली, गारठा पडलेला, घरी ठेवायचं कुणापाशी, म्हणून बाईनं जीपभर उराशी धरून आणलेलं! कोकरू काढून फोटू घेतला, तर उजवी बाजू अशी लालभडक, जणू चूलच पेटली. सगळ्या लोळल्या हसून. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी. आणि हसता हसता बोलून गेले, "पुतळे, आता पाज की त्याला!"

तिला मूल नाय हो ताई. अठरा वर्षं झाली लग्नाला.

तिनं कोकरू घेतलं, पदर लावला, आणि जीप सुटायची वाट न बघता ह्याच स्टँडवर चालत आली. मॅडम म्हणत होत्या पंधरा मिनिटं थांबा, उजवीकडची ऊब निवेल, दुसरा फोटू घेऊ. कोण थांबतंय. ती गेली आणि मॅडमनं मला पडद्यापाशी बोलावलं. "मौसी, बच्चा तो सीधे हाथ को था. उलटे हाथ को ये क्या है?" डावीकडं, काखेच्या अंगाला, एक तांबडा ठिपका. एवढासाच. काही नसंल पण, मॅडमच म्हणल्या — पण घेऊन ये तिला, लवकर.

गेले की! दोनदा गेले. पहिल्यांदा तिनं पाणी पण विचारलं नाय. दुसऱ्यांदा मेंढरांच्या लोकरीवर बोललो दोघी, लोकरीवर, तासभर! मग माझं ऑपरेशन आलं — गावात सांगितलं अपेंडिस — मग जानेवारीत हे नामांतराचं सगळं, चार दिवस गाड्या बंद, माझा कागद पण त्यातच अडकला. आता हा रविवार शेवटचा. क्यामेरा कंपनीच्या पुण्याच्या हापिसाचा, सोमवारी तिकडं परत. आज मात्र ठरवलंय, जायचं, तिच्यासमोर बसायचं, छाती उघडून दाखवायची — बघ, माझी पण निघाली, कापली, आणि मी बघ कशी टुणटुणीत! मग येईल ती. येईल ना? का ती विचारील, अक्का, तुम्हाला दिवाळीपास्नं ठाऊक होतं, तुम्ही तुमचं कापून घेतलं, आणि माझ्याशी लोकरीवर बोललात?

काय म्हणता? व्हय, हीच तुमची, देवगाववरनं पुढं जाती. चढा चढा, खिडकी धरा. मी? येते की. पुढचीनं येते. दोनची पण गेली, तीनची पण गेली, गाड्यांना काय तोटा हाये. जा हो तुम्ही, कंडक्टर ओरडतोय, माझ्याकडं काय बघता. तिला डावीकडचं अजून सांगितलेलं नाय मी.