कोंबडी उठेपर्यंत

गुरुजी : महिपतराव, आधी ती पहार खाली ठेवा.

महिपती : गुरुजी, ह्या लढाईच्या इमानाचं भंगार म्या सरकारी लिलावात घेतलंय. दोन गाड्या जुंपून आणल्यात. आज तोडून वडगावच्या टेशनावर पोचवायचं हाय.

गुरुजी : अहो, शत्रूवर झेपावलेलं विमान ते! आपली मुलं मोठी होऊन त्यांच्या मुलांना काय दाखवतील?

महिपती : घमेलं दाखवतील. लय हलकी घमेली व्हत्यात ह्याची.

कस्तुराबाई : ने बाबा एकदाचं! दोन वर्सं माझ्या राबाच्या जागेवर बसलंय. गोरा सायब उतरला, माझं ताक प्याला, आन् पुन्हा तोंड दावलं न्हाई. औंदा भाताची रोपं काय पंखावर टाकू?

गुरुजी : कस्तुराबाई, तुम्हीसुद्धा? शाळा देवळात भरायची तेव्हा एक मुलगी येत नव्हती. आता शाळा इथं भरते, तर तुमची नात हिरी विमानात बसून पाढे म्हणते.

कस्तुराबाई : म्हनती खरी. मागल्या हप्त्यात शेळीलाबी मागं बसवून मुंबै दावून आणली.

महिपती : आता दोघींनी चालत जावं. मावशी, सर. हे काचंचं झाकन उचकटतो.

कस्तुराबाई : हात लावू नगंस!

महिपती : आँ? आत्ताच ने म्हनलीस ना?

कस्तुराबाई : इसरलेच बघ. आत कोंबडी बसवलीया अंड्यांवर. घरात मुंगूस शिरतंय. हितं झाकन लावलं की घोर न्हाई.

महिपती : मग काढ की भाईर.

कस्तुराबाई : बसलेली कोंबडी उठवू? तुझ्या आईनं उठवली व्हती का रं कदी?

महिपती : न्हाई. आमची आई तर कोंबडी बसली की उखळसुदिक वाजवू द्यायची न्हाई.

कस्तुराबाई : आन् तू पहार हाननार!

महिपती : शेपूट तेवढं तोडतो. हळूच.

गुरुजी : शेपटीवर टिचकी मारली तरी सगळं विमान घणघणतं. शाळेची घंटा तीच आहे आमची. अच्छा! म्हणून परवापासून मला घंटा बंद करायला लावलीत होय?

कस्तुराबाई : मग? अंडी नासली तर पाढं कामाला येत्यात व्हय?

महिपती : आरं देवा. रिकाम्या गाड्या बघून बाजारातली मानसं हसतील मला. बरं, पिल्लं निघाली की येतो. मग मातुर कुनाचं ऐकनार न्हाई.

गुरुजी : या, अवश्य या.

(महिपतीच्या गाड्या उताराला लागतात.)

गुरुजी : पिल्लं निघाली की संपलंच म्हणायचं.

कस्तुराबाई : शेजारच्या सावित्राबाईची कोंबडी खुडूक व्हायला आलीया. तिला बसवू म्होरं.

गुरुजी : आणि तुमचा राब?

कस्तुराबाई : वरच्या वावरात भाजीन औंदा. पन सावित्राबाईकडं अंडी न्हाईत. लोहगडवाडीस्नं आनावी लागतील.

गुरुजी : मी आणतो.

कस्तुराबाई : तुमी? अंड्यांना शिवाल?

गुरुजी : टोपीत घालून आणीन.