डाव्या हाताचा सलीम

टीव्हीवर कबड्डी लागली का सलीमचा फोन येतेच, लावा पैज.

आरमोरीच्या कॉलेजात आम्ही एकाच टीममधी होतो. समोरचा रेड मारायले आला का सलीमचा उजवा हात माह्या डाव्या हातात. अशी साखळी का आलेला गडी वापस जायचाच नाई.

फायनलच्या आधी प्रॅक्टिस बुडवून आम्ही दोघंही बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट पाहायले गेलो. कोणाचे बैल पहिले पोचले, यावरून तिथल्या पोरांसंग मारामारी झाली. सराले कळलंच.

"सलीम, जर्सी ठेव आणि घरी जा. अन् तू, मैदानाला चकरा मार."

मी म्हटलं, "सर, मीबी होतो न. पहिले हात तं मीच उचलला."

"तू गप रे. तू गेलास तर रेड कोण मारेल?"

सलीम जर्सीची घडी करून राह्यला होता. येवढंच बोलला, "सर, पटात जोडी चुकली तं एकच बैल बाद होते काय?"

सरानं त्याच्या हातातली जर्सी घेतली.

फायनल आम्ही जिंकलो. सलीम कॉलेजात वापस आलाच नाई. आता अहेरीले त्याचं वेल्डिंगचं दुकान हाय.

काल फोनवर इकडचं तिकडचं झालं. मंग दरवेळचंच विचारलं त्यानं, "फायनलले माह्या जागी कोण होता बे?"

"होता एक नवा पोरगा."

"हात घट्ट धरला होता?"

"तुह्यासारखा कुठी?"

मंग म्हणते, "मंग ठीक हाय."