दक्षिणेची वात

चोपड्याच्या बसस्थानकात एरंडोलच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर दोन प्राथमिक शिक्षिका बोलत होत्या.

“मंदाअक्का, परवा मी दिशा शिकवत होते. म्हटलं, पुस्तकं मिटा आणि घरात दिशा कशी ओळखता ते सांगा.”

“चांगलं की. पोरं बोलतात तरी.”

“बोलली ना. कोणी म्हणालं, ओट्यावरून सातपुडा दिसतो ती उत्तर. मग भाविका उठली. म्हणाली, आमच्या दिव्याची वात आहे ती दक्षिण.”

“अगं बाई!”

“मी म्हटलं, चूक. दिव्याची वात दक्षिणेकडे कधीच नसते, पूर्वेकडे असते. सगळा वर्ग हसला.”

“अगं, तिची आई वारली. सुतकातला दिवा सांगत होती ती.”

“मला कुठे माहीत? आठवडाभर प्रशिक्षणाला होते, त्याच दिवशी हजर झाले. आज तिचे वडील शाळेत आले, तेव्हा कळलं.”

“रागावले?”

“रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, घरचे वात दक्षिणेकडे करतात, की ही पुन्हा पूर्वेकडे फिरवते.”

“लहान आहे गं.”

“म्हणते, बाईंनी सांगितलंय, दिवाच चुकीचा लावलाय. म्हणजे आई गेलेली नाही.”

“देवा! मग आता?”

“वडील हात जोडून म्हणाले, बाई, तुम्हीच सांगा तिले, आमनं ऐकस नही ती. उद्या वर्गात मला सांगायचंय, अक्का, की तिचं उत्तर बरोबर होतं.”